इंजिन काढा, मोटर बसवा. पण आधी हिशेब बसवा

नायट्रो रिमोट ट्रक विजेवर आणण्याच्या कामात आपल्या कारागिरांसाठी काय आहे?

तालुक्याच्या कोणत्याही गावी जा, बाजारात तीन दुकाने हमखास सापडतात. एक मोटारसायकल मिस्त्रीचे, दुसरे जळालेली मोटर भरून देणाऱ्या वाइंडिंगवाल्याचे आणि तिसरे रेडिओ-टीव्ही, आता मोबाइल, दुरुस्त करणाऱ्याचे. आमच्या बिलोलीतही तसेच आहे. तिघेही आपापल्या हुन्नरात पक्के. मिस्त्रीला गिअर आणि बेअरिंग कळते, वाइंडिंगवाल्याला तांब्याची तार कळते, रेडिओवाल्याला सर्किट कळते. पण गेल्या काही वर्षांत बाजारात असा माल आला आहे की ज्यात हे तिन्ही एकाच डब्यात भरलेले आहे. विजेची स्कूटर, ई-रिक्षा, कमी विजेवर फिरणारा पंखा, फवारणीचा बॅटरी पंप, ही त्याची उदाहरणे. हा माल बिघडला की गिऱ्हाईक तिघांपैकी कोणाकडे जावे हे ठरवू शकत नाही आणि शेवटी नांदेड किंवा निजामाबादची वाट धरतो.

आम्ही कापडाचे व्यापारी. आमचे काम मीटर आणि थानाचे. तरी व्यापाराचा एक नियम सगळ्या मालाला लागू आहे: ज्या वस्तूची दुरुस्ती गावाबाहेर जाते, तिचा पैसाही गावाबाहेर जातो. म्हणून या लेखात आम्ही एका लहानशा वस्तूची हकीकत देत आहोत. वस्तू खेळण्याची आहे, पण तिच्यातली तालीम धंद्याची आहे.

नायट्रो ट्रक म्हणजे काय

रिमोटवर चालणारे, खऱ्या ट्रकच्या आठव्या किंवा दहाव्या हिश्श्याएवढे, मोठ्या चाकांचे ट्रक परदेशात शौकाने चालवतात. अमेरिकेच्या ट्रॅक्सास कंपनीचा टी-मॅक्स हा १९९९ साली आलेला ट्रक त्यात फार गाजला. असे ट्रक आखाती देशांतून परतणाऱ्या मुलांच्या सामानातून आपल्याकडेही येतात. आमच्या भाच्याने असाच एक जुना ट्रक दुबईहून आणला आणि तो आमच्या घरी कपाटावर पडून राहिला.

पडून राहण्याचे कारण त्याचे इंजिन. हे खरोखरीचे टू-स्ट्रोक इंजिन असते, अडीच ते साडेतीन सीसीचे, आणि मिनिटाला तीस हजारांच्या वर फेरे घेते. त्याला पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे मिश्रण लागते. नायट्रोमिथेनचे प्रमाण बहुधा शेकडा २० असते. त्यात ठिणगीचा प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. प्लगमधली प्लॅटिनमची बारीक तार सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने तापवतात. पुढे मिथेनॉल आणि प्लॅटिनम यांच्या क्रियेने ती आपोआप लाल राहते.

यंत्र सुंदर आहे, पण आपल्याकडे त्याचे इंधन कुठे मिळणार? तालुक्याला नाही, जिल्ह्यालाही नाही. शिवाय मिथेनॉल हे जहर आहे. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, त्या दारूत हेच मिथेनॉल होते. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. घरात मुलेबाळे असताना असा डबा ठेवणे शहाणपणाचे नाही. म्हणून परदेशातले शौकीनही कित्येक वर्षांपासून इंजिन काढून त्या जागी ब्रशलेस मोटर बसवत आले आहेत.

कार्बन नसलेली मोटर

आपल्या कारागिरांना जुनी डीसी मोटर ठाऊक आहे. फिरणाऱ्या भागावर तांब्याची गुंडाळी, तिला कार्बनमधून वीज. कार्बन झिजला की बदलायचा, कम्युटेटर काळा पडला की घासायचा. ब्रशलेस मोटरमध्ये हे उलटे केलेले असते. फिरतो तो चुंबक आणि गुंडाळी जागेवर स्थिर राहते. कार्बन नाहीच. मग गुंडाळीतल्या विजेची दिशा योग्य क्षणी कोण बदलणार? ते काम कंट्रोलर करतो. मोटरला तीन तारा असतात आणि कंट्रोलरमधले मॉस्फेट त्या तीन तारांत पाळीपाळीने वीज सोडतात, सेकंदाला हजारो वेळा.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत विल्सन आणि ट्रिकी या दोघांनी १९६२ साली अशा मोटरवर निबंध मांडला होता. पण ती स्वस्त आणि ताकदवान व्हायला आणखी दोन गोष्टी लागल्या. निओडिमियमचा जबरदस्त चुंबक, जो १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि अमेरिका येथे तयार झाला, आणि लिथियमची बॅटरी, जी सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. आपल्या महाराष्ट्रात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी १९९०च्या दशकातच विजेवरची तीनचाकी रिक्षा बनवून दाखवली होती. तेव्हा हाती शिशाच्या जड बॅटऱ्या होत्या. कारागिरी तेव्हाही होती, आता सामान हलके झाले आहे, एवढाच फरक.

काय निघते, काय राहते

ट्रक टेबलावर घेतल्यावर आधी दोन ढीग करावेत. काढायचे ते: इंजिन, इंधनाची टाकी, धुराची नळी, क्लच, फ्लायव्हील, कार्बोरेटर ओढणारा सर्व्हो. ठेवायचे ते: चासी, चारही चाकांचे शॉक, डिफरन्शियल, वळवणारा सर्व्हो, रेडिओचा रिसीव्हर.

इंजिनाची ताकद वरच्या फेऱ्यांतच मिळते, म्हणून नायट्रो ट्रकमध्ये दोन वेगांचा आपोआप बदलणारा गिअर असतो. मोटरची ताकद पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण असते, म्हणून दुसरा गिअर काढून एकाच वेगावर पक्के करतात. मागे जाण्यासाठी इंजिनाला वेगळी गिअर-जोडणी लागे. मोटर उलटी फिरवणे कंट्रोलरलाच येते, आणि ब्रेकही तोच लावतो. म्हणजे अर्ध्याहून अधिक सुटे भाग कमीच होतात.

त्या जागी येते ती मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी. मोटर धरायला चार-पाच मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी कापावी लागते. तयार पट्टी परदेशातून मागवण्याची गरज नाही. व्हर्निअरने नीट माप घेऊन दिले तर आपला लेथवाला ती तासाभरात करून देतो. एकच सांगावे, की मोटरच्या स्क्रूची भोके गोल न ठेवता लांबट ठेवावीत, म्हणजे मोटर मागेपुढे सरकवून दाते जुळवता येतात. दात्यांत वर्तमानपत्राच्या कागदाची एक पट्टी घालून मोटर दाबून कसायची आणि मग पट्टी काढून घ्यायची. राहिली ती फट बरोबर असते. फार घट्ट बसवले तर मोटर तापते, सैल ठेवले तर दाते सोलतात.

तारांचे काम वाइंडिंगवाल्याचे. मोटरच्या तीन तारा कशाही जोडल्या तरी नुकसान नाही. चाक उलटे फिरले तर कोणत्याही दोन तारा अदलाबदल करायच्या, थ्री-फेज पंपाला करतो तसेच. (सेन्सरची वेगळी तार असलेल्या मोटरला ही सूट नाही, तिथे खुणा पाहूनच जोडावे.) पण बॅटरीच्या लाल-काळ्या तारांची उलटापालट झाली तर कंट्रोलर त्याच क्षणी संपतो. जाड तारांना लहान सोल्डरिंग चालत नाही. साठ वॅटच्या पुढचे घ्यावे आणि डाग आतपर्यंत भिनू द्यावा, कारण इथून पन्नास-साठ अँपिअर वाहतात.

आमच्या घरच्या ट्रकचे काम असेच तिघांत झाले. भाच्याने उघडला, लेथवाल्याने पट्टी कापली, वाइंडिंगच्या उस्तादांनी डाग दिले. खर्च आणि वही आमच्याकडे. उस्ताद मोटर हातात फिरवून म्हणाले, "शेठ, हिच्यात भरायला काही नाही. जळेल तर कंट्रोलर जळेल." पुढची सारी गोष्ट या एका वाक्यात आहे.

दात्यांचा हिशेब

मोटरवर एक आकडा लिहिलेला असतो, त्याला केव्ही म्हणतात. एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, एवढाच त्याचा अर्थ. २२०० केव्हीची मोटर १४.८ व्होल्टच्या बॅटरीवर लावली तर २२०० गुणिले १४.८, म्हणजे ३२,५६० फेरे. हे बिनओझ्याचे गणित आहे. ओझे आले की फेरे कमी होतात.

आता मोटरवरचा लहान गिअर, म्हणजे पिनियन, १६ दात्यांचा आणि समोरचा मोठा गिअर ४६ दात्यांचा धरू. ४६ भागिले १६, म्हणजे २.८७५. पुढे डिफरन्शियलपर्यंतची घट आठास एक धरली तर एकूण २३ झाले. मोटरचे २३ फेरे झाले की चाकाचा एक फेरा. ३२,५६० भागिले २३, म्हणजे चाकाचे सुमारे १,४१६ फेरे. चाकाचा व्यास १५ सेंटिमीटर असेल तर घेर ४७ सेंटिमीटर. यावरून ताशी सुमारे ४० किलोमीटरचा वेग निघतो.

त्याच ट्रकला १६ ऐवजी २६ दात्यांचा पिनियन लावला तर वेग कागदावर ताशी ६५ किलोमीटर होतो. पोरे इथेच भुलतात. वेग वाढला तसा मोटरवर ओढ वाढते, विद्युतप्रवाह वाढतो आणि उष्णता त्याहून जास्त पटीने वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर तारेतली उष्णता चौपट होते, हा नियम पंपालाही आहे आणि ट्रकलाही. नायट्रो इंजिन शंभर अंशांच्या पुढेच खुशीत चालते. मोटरचे तसे नाही. ८० अंशांच्या पुढे चुंबकाची ताकद उतरण्याची भीती सुरू होते आणि एकदा उतरलेली ताकद परत येत नाही. मराठवाड्याच्या मे महिन्यात हवाच ४२ अंश असते, म्हणजे आपल्या हाती फरक थोडा उरतो. म्हणून लहान पिनियनने सुरुवात करावी, पाच मिनिटे चालवावे, तापमान मोजावे आणि मगच एकेक दाता वाढवावा.

दुसरी गोष्ट डिफरन्शियलची. इंजिनाचा धक्का क्लचमुळे मऊ होऊन येई. मोटरचा धक्का सरळ येतो. जुने, नरम दात्यांचे गिअर पहिल्याच आठवड्यात सोलतात. एक तर कडक पोलादाचे घालावेत, किंवा कंट्रोलरमध्ये सुरुवातीचा जोर कमी ठेवावा. दुसरा उपाय फुकट आहे, म्हणून आधी तो करावा.

बॅटरी: खरा खर्च इथे आहे

इंजिनात पैसा थोडा थोडा करून इंधनात जातो. विजेत तो आधीच, एकरकमी, बॅटरीत जातो. हे व्यापाऱ्याने नीट समजून घ्यावे. मोटर आणि कंट्रोलरची बरी जोडी पाच आकड्यांत जाते. बॅटरी आणि चांगला चार्जर यांचा खर्च जवळपास तिच्या बरोबरीला येऊ शकतो, आणि काही वर्षांनी बॅटरी पुन्हा घ्यावी लागते.

चालवण्याचा खर्च मात्र नगण्य आहे. १४.८ व्होल्ट आणि ५,००० मिलिअँपिअर तासांची बॅटरी म्हणजे ७४ वॅट-तास. चार्जिंगमधली घट धरून ९० म्हणू. विजेचे एक युनिट १,००० वॅट-तासांचे. म्हणजे एका युनिटमध्ये ही बॅटरी अकरा वेळा भरते, आणि प्रत्येक वेळी सरासरी १५ अँपिअर ओढीवर वीस मिनिटे ट्रक चालतो. नायट्रोची सव्वाशे सीसीची टाकी धरली तर एका लिटरात आठच टाक्या होतात.

लिथियमच्या या बॅटरीत प्रत्येक सेल ३.७ व्होल्टचा असतो. पूर्ण भरला की ४.२. तीनच्या खाली उतरला की खराब होतो. म्हणून कंट्रोलरमध्ये कमी व्होल्टला बंद होण्याची सोय चालू आहे ना, हे पहिल्या दिवशीच तपासावे. बरेच दिवस ठेवायची असेल तर पूर्ण भरून ठेवू नये, ३.८ वर ठेवावी. चार सेल एकसारखे भरणारा बॅलन्स चार्जरच वापरावा. फुगलेली बॅटरी कितीही महाग असली तरी पुन्हा लावू नये. ती कचऱ्यात टाकण्याचीही नाही. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती जमा करून घेणाऱ्याकडे द्यावी.

आणि हे आमच्या कापडवाल्या बंधूंसाठी खास. अशी बॅटरी दुकानात, थानांच्या मध्ये, कधीही चार्जिंगला लावू नका. तिची आग सेकंदांत भडकते. फरशीवर, विटांच्या चौकटीत, शेजारी वाळूची बादली ठेवून आणि माणूस जागा असतानाच चार्ज करावी. मांजरेच्या काठी राहणाऱ्याला वाळू शोधावी लागत नाही.

परदेशातून सामान आणणाऱ्यांनीही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सुटी लिथियम बॅटरी विमानात फक्त हातातल्या बॅगेत चालते, आणि तीही १०० वॅट-तासांपर्यंत. वरची ७४ची बॅटरी चालते. सहा सेलची, २२.२ व्होल्टची तेवढ्याच मिलिअँपिअरची घेतली तर १११ होतात, आणि मग विमान कंपनीची आधी परवानगी लागते. नायट्रो इंधन तर विमानात अजिबात चालत नाही.

रस्त्यावरच्या गाडीला कायदा वेगळा

खेळण्याचा ट्रक जमला म्हणून दुसऱ्या दिवशी रिक्षेचे इंजिन काढायला घेऊ नये. रस्त्यावरच्या गाडीत असा बदल करायचा तर मंजूर किटच लागतो. केंद्राने २०१६ साली मोटार वाहन नियमांत त्याची तरतूद केली. किटची तपासणी एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत होते आणि नंतर आरटीओत नोंद करावी लागते. ठाण्याच्या गोगोएवन कंपनीने हीरो स्प्लेंडरसाठी असा किट २०२१ मध्ये आणला, तेव्हा त्याची किंमत सुमारे ३५,००० रुपये आणि बॅटरी वेगळी, असे जाहीर झाले होते. इथेही तोच मुद्दा आहे, बॅटरी वेगळी मोजावी लागते. मंजुरी नसलेला किट बसवला आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकतो आणि कारागीरही गोत्यात येतो.

पण मंजूर किट बसवायलाही हात लागतातच, आणि त्याची दुरुस्ती करायलाही. ते हात कोणाचे असतील, हा खरा प्रश्न आहे.

धंदा कुठे आहे

१ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचे झाले. साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, ब्रशलेस पंखा तीसच्या आसपास. हा पंखा मुंबईच्या आयआयटीतून निघालेल्या तरुणांच्या ॲटमबर्ग कंपनीने घरोघर नेला आणि आता सगळ्याच कंपन्या बनवतात. हे पंखे बंद पडले की बहुतेक वेळा गुंडाळी शाबूत असते, आतले कार्ड गेलेले असते. म्हणजे पंखा भरून देणाऱ्याचे काम कमी होणार आणि कार्ड दुरुस्त करणाऱ्याचे वाढणार. वाइंडिंगवाल्याने हे आज ओळखले नाही तर त्याचे दुकान दुसऱ्या कोणी बंद करायची गरज नाही.

रिमोट ट्रकचा फायदा असा की पंखा, ई-रिक्षा आणि स्कूटर यांत असलेले सारे, म्हणजे मोटर, कंट्रोलर, बॅटरी, गिअर आणि उष्णता, त्यात टेबलावर मावते. बिघडले तर नुकसान काही हजारांचे होते, गिऱ्हाइकाच्या गाडीचे नाही. उस्तादाने शागीर्दाला शिकवायला याहून स्वस्त शाळा आम्हाला दिसत नाही. आयटीआयमध्येही आता विजेच्या वाहनांचा वेगळा ट्रेड आला आहे. ज्यांची मुले दहावी होऊन बसली आहेत त्यांनी जवळच्या आयटीआयत चौकशी करावी.

आमची सूचना साधी आहे. मिस्त्री, वाइंडिंगवाला आणि मोबाइलवाला या तिघांनी आठवड्यातून एक संध्याकाळ एका टेबलावर बसावे. एक जुना ट्रक, नाही तर भंगारातला एक ब्रशलेस पंखा समोर घ्यावा. कोणाचे काम कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते पाहावे आणि मिळकतीची वाटणी आधीच ठरवून लिहून ठेवावी, कारण भागीदारी बहुधा कामावरून मोडत नाही, न लिहिलेल्या हिशेबावरून मोडते. सामानासाठी थोडी रक्कम लागली तर गावातल्या दोन-चार व्यापाऱ्यांनी ती भांडवल म्हणून द्यावी आणि परतफेडीची मुदत ठरवावी. देगलूर, धर्माबाद, नायगाव, कुंडलवाडी, कुठेही हे होऊ शकते.

बिलोलीचा बिघडलेला पंखा बिलोलीतच दुरुस्त झाला, तर ती मजुरी बिलोलीच्याच बाजारात फिरेल. त्यातले चार पैसे कापडाच्या दुकानातही येतील, हे आम्ही नाकारत नाही.